रूळ, लाकडी बूट आणि डिसरप्शन

इंग्रजीत एखादं चांगलं चाललेलं काम बिघडवायला किती क्रियापदं आहेत हे मोजायचं असेल, तर आयटीतल्या कुठल्याही स्टेटस मीटिंगला जाऊन बसावं. अर्ध्या तासात एक रिलीज डिरेल होतो, टेस्टिंगवाले कुणाचा तरी प्लॅन टॉर्पेडो करतात, क्लायंट ऐनवेळी स्कोप बदलून सगळं अपसेट करतो, कुणीतरी कुणाचं तरी डिझाइन सॅबोटाज केल्याचा संशय व्यक्त होतो, आणि शेवटी मोठे साहेब उठून सांगतात की यंदा आपल्याला मार्केट डिसरप्ट करायचंय. पहिल्या चार वाक्यांवर सगळ्यांचे चेहरे पडलेले, पाचव्यावर टाळ्या!

मला कुतूहल आहे ते त्या टाळ्यांचं. अर्थाने बघायला गेलं तर पाचही शब्द एकाच गोत्रातले. जे नीट चाललंय ते मोडायचं, एवढंच ते सांगतात. मग चौघांना शिव्या आणि पाचव्याला हारतुरे असं का? गेले दोन-तीन विकांत ह्या शब्दांच्या मागे घालवले. मी काही भाषाशास्त्री नाही, साधा इंजिनियर माणूस. पण लॉग वाचायची सवय असली की शब्दांचे जुने लॉगही वाचता येतात. थोडा वेळ लागतो, इतकंच.

आता बिघडवण्याच्या बाबतीत आपली मराठीही काही गरीब नाही. आपण खो घालतो, मोडता घालतो, पाचर मारतो, कामाला खीळ बसते. खो खेळाच्या मैदानातला, पाचर सुताराची. म्हणजे शब्द कुठल्या धंद्यातून आला ते त्याच्या अंगावर दिसतं. इंग्रजीतही तसंच आहे. तिथले सगळ्यात जुने शब्द थेट शेतातून आलेत. लॅटिनमधे 'लिरा' म्हणजे नांगराचं तास. नांगर तास सोडून भलतीकडे गेला की त्यावरून 'डेलिरारे', आणि त्यातून आपल्या डॉक्टरांचा 'डिलिरियम'. वातात बरळणारा माणूस म्हणजे तास सोडलेला नांगर! तसंच 'ऑर्बिटा' म्हणजे गाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी, आणि ती सोडून जाणारं ते 'एक्झॉर्बिटंट'. आपण 'चाकोरीबाहेरचा' असं कौतुकाने म्हणतो, इंग्रज तोच शब्द अवाच्या सवा बिलाला वापरतात. असो.

शेतानंतर समुद्र. 'स्कटल' म्हणजे मुळात जहाजातलं झडपेचं भोक, आणि मग भोक पाडून आपलंच जहाज बुडवणं. २१ जून १९१९ ला स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो इथे नजरकैदेत पडलेल्या जर्मन आरमाराने हेच केलं. ७४ पैकी ५२ जहाजं त्यांच्याच खलाशांनी एका दिवसात बुडवली. 'टॉर्पेडो' हा तर मूळचा मासा, विजेचा धक्का देऊन माणसाला बधिर करणारा. लॅटिनमधे त्या शब्दाचा अर्थच बधिरता. म्हणजे टेस्टिंगवाल्यांनी प्लॅन टॉर्पेडो केल्यावर मीटिंगमधे जी शांतता पसरते, ती व्युत्पत्तीला धरूनच म्हणायची :) गोल्फमधून 'स्टायमी' आला. दुसऱ्याचा चेंडू आपल्या चेंडूच्या आणि भोकाच्या मधे येऊन बसला की तो स्टायमी. १९५२ साली नियम बदलला आणि खेळातून ही अडचण गेली, भाषेत मात्र राहिली.

आता डिरेल. ह्या शब्दाचा प्रवास मला फारच आवडला. लॅटिन 'रेगुला' म्हणजे सरळ पट्टी. तिचं जुन्या फ्रेंचमधे झालं 'रेय', ते इंग्रजांनी उचललं आणि 'रेल' केलं. पुढे इंग्रजांनी आगगाडी काढली तेव्हा फ्रेंचांनी आपलाच शब्द 'राय' असा उच्चारून परत घेतला. त्यावर नकारार्थी प्रत्यय लावून त्यांनी 'देराये' म्हणजे रुळावरून उतरणं हे क्रियापद बनवलं, आणि १८५० च्या सुमाराला डायोनिशियस लार्डनर यांच्या रेल्वेवरच्या पुस्तकात ते इंग्रजीत येऊन दाखल झालं. म्हणजे एकाच शब्दाने खाडी तीनदा ओलांडली. आगगाडी इंग्रजांची, पण ती घसरल्याचा शब्द फ्रेंचांचा.

फ्रेंचांकडे घसरण्याचा अनुभवही होता. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला निघालेली एक गाडी म्युदोंजवळ घसरली. पुढच्या इंजिनाचा आस मोडला, मागचे डबे त्यावर चढले आणि पेटले. डब्यांची दारं तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून जास्त माणसं आत जळून मेली. अंटार्क्टिकाला जाऊन सुखरूप परत आलेला द्युमाँ द्युरव्हिल हा दर्यावर्दी बायकोमुलासकट त्यात गेला. त्या मोडलेल्या आसामागे लागूनच विल्यम रँकिन वगैरे मंडळींनी धातू 'थकतो' कसा ह्याचा अभ्यास सुरू केला. मेकॅनिकलवाल्यांना फटीगचा पेपर आठवत असेल, त्याचं मूळ इथे आहे.

पण मुद्दा वेगळाच. फ्रेंचमधे हे क्रियापद अकर्मक आहे. गाडी घसरते. कुणी घसरवत नाही. आपल्याकडेही 'मालगाडीचे सात डबे घसरले' अशीच बातमी असते. कर्ता कोण? डबे! इंग्रजीने ते सकर्मकही केलं, म्हणजे कुणीतरी कशाला तरी डिरेल करतं. आणि इथून खरा प्रश्न सुरू होतो. मोडण्याच्या क्रियापदाला कर्ता जोडला की तो कर्ता कोण आहे ह्यावर शब्दाची किंमत ठरते.

ह्याचा पहिला मोठा दाखला मला मिळाला तो लडाइटांचा. १८११ मधे नॉटिंगहॅमशायरमधल्या विणकरांनी रात्री-बेरात्री जाऊन मोजे विणायची यंत्रं फोडायला सुरुवात केली, लोण यॉर्कशायरपर्यंत गेलं. तिथे ज्या घणांनी यंत्रं फुटायची त्या घणांना 'ईनक' म्हणत. कारण मार्सडेनचा ईनक टेलर नावाचा लोहार लोकर कातरायची यंत्रंही बनवायचा आणि घणही. (म्हणजे प्रॉडक्टही त्याचं आणि ते अनइन्स्टॉल करायचं साधनही त्याचंच.) ह्या लोकांना सगळ्याच यंत्रांचा राग नव्हता. ज्या यंत्रांमुळे मजुरी पडत होती आणि हलका माल निघत होता, ती निवडून फोडली जात. आणि ह्या कृतीला इंग्रजीत वेगळं क्रियापदच नव्हतं. साधं 'ब्रेक', मोडणं. मार्च १८१२ च्या कायद्याने ह्या मोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. त्या विधेयकाविरुद्ध २७ फेब्रुवारी १८१२ ला लॉर्ड्समधे बोलला तो २४ वर्षांचा कवी बायरन, ते त्याचं सभागृहातलं पहिलंच भाषण. उपयोग झाला नाही. जानेवारी १८१३ मधे यॉर्कला १७ लडाइटांना खून, दरोडा, गिरणीवरचा हल्ला अशा गुन्ह्यांखाली फासावर चढवलं.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी इंग्रजीला हवा तो शब्द मिळाला, आणि पुन्हा फ्रेंचांकडूनच. सॅबोटाज. ह्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कामगारांनी आपले लाकडी बूट, म्हणजे 'साबो', यंत्रात फेकले आणि यंत्रं बंद पाडली, म्हणून सॅबोटाज. १९९१ च्या 'स्टार ट्रेक' सिनेमातसुद्धा व्हॅलेरिस ही गोष्ट अंतराळयानात बसून सांगते. झकास गोष्ट आहे. फक्त खरी नाही. 'साबोते' ह्या क्रियापदाचा जुना अर्थ खडखड वाजवत चालणं, आणि त्यावरून कसंतरी, धसमुसळं, उरकून टाकलेलं काम करणं. लाकडी बूट घालणारा तो खेड्यातला गरीब माणूस. शहरी कारागिरांच्या नजरेत त्याचं काम म्हणजे गबाळं काम. बूट फेकायचा कुठेच नव्हता, फक्त घालून चालायचा होता!

मग गबाळ्या कामाचं हत्यार कसं झालं? इथे स्कॉटलंड येतं. १८८९ साली ग्लासगोच्या गोदी कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप केला. मालकांनी शेतमजूर आणून काम चालवलं. त्या बिचाऱ्यांना फळीवरून धड चालता येईना, पोती हातातून निसटत, माल पडे. तरी मालक त्यांचं कौतुक करत राहिले. संप फसला. कामगार संघटनेच्या मंडळींनी जे सांगितलं ते असं, की जा, मुकाट कामावर जा, पण त्या शेतमजुरांसारखंच काम करा, मालकांना तेच आवडलंय ना. थोड्याच दिवसांत मालकांनी जुन्या पद्धतीने काम करा म्हणून विनवलं आणि मजुरी वाढवून दिली. निदान संघटना तरी ही हकीगत अशी सांगे. ह्या युक्तीला स्कॉट लोकांनी नाव दिलं 'का कॅनी'. त्यातला 'का' म्हणजे आपलं हाकणं, गाडी हाकणं. जरा बेताने हाक, एवढाच अर्थ.

एमिल पूझे नावाचा फ्रेंच अराजकवादी पत्रकार १८९४ च्या धरपकडीत लंडनला पळून गेला होता. तिथे त्याला ही युक्ती कळली. हा गडी बोलीभाषेत, पार रस्त्यावरच्या फ्रेंचमधे पेपर काढायचा. १८९७ साली तुलूझला कामगार महासंघाच्या अधिवेशनात त्याने बॉयकॉट आणि सॅबोटाज ही दोन हत्यारं मांडली आणि अधिवेशनाने ती मान्य केली. तत्त्व अगदी सोपं, जसा पगार तसं काम. संपात पोटाला चिमटा बसतो, ह्यात बसत नाही. हजेरी लावायची, काम बेताचं करायचं. (नोटीस पिरियडमधे आपण काय करतो ते आठवा.)

पुढे ऑक्टोबर १९१० मधे फ्रान्सच्या रेल्वे कामगारांनी संप केला. पंतप्रधान होता आरिस्तीद ब्रियाँ, जो तरुणपणी स्वतः सार्वत्रिक संपाचा प्रचार करत फिरला होता. त्याने काय करावं? संपकऱ्यांना लष्करात भरतीचे हुकूम काढले. आता काम न करणं म्हणजे लष्करी शिस्तभंग. आठवडाभरात संप मोडला. पण ह्या काळात तारा कापल्याच्या बातम्या इंग्रजी पेपरांतून रोज येत होत्या आणि त्यांच्याबरोबर तो फ्रेंच शब्दही. इंग्रजीत तो थोडा आधी आलाच होता, लोकांच्या तोंडी बसला तो ह्या संपामुळे. आणि तो बसला तो गबाळं काम ह्या अर्थाने नाही, तर तारा कापणं ह्या अर्थाने. पूझेचा बेताने हाकणारा कामगार गायब झाला आणि त्याच्या जागी काळोखात कातरी घेतलेला माणूस आला.

उरलंसुरलं पहिल्या महायुद्धाने केलं. ३० जुलै १९१६ ला न्यूयॉर्कसमोर ब्लॅक टॉम इथला दारूगोळ्याचा साठा जर्मन हस्तकांनी उडवला. शेजारच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यालाही मार बसला आणि तिच्या हातातली मशाल तेव्हापासून प्रवाशांना बंद झाली, ती आजही बंद आहे. १९१८ मधे अमेरिकेत सॅबोटाजविरुद्ध कायदाच आला. काही राज्यांनी तर कामगार चळवळीच्या विरोधातल्या कायद्यांत हा शब्द नावानिशी घातला. आपल्या वर्तमानपत्रांनी ह्या शब्दाला 'घातपात' हा प्रतिशब्द दिला तो ह्याच अर्थाला धरून. 'घातपात' वाचल्यावर कुणाच्या डोळ्यासमोर बेताने पोती उचलणारा गोदी कामगार येईल?

ह्या सगळ्या गदारोळात एका माणसाने शब्द उलटा फिरवून दाखवला, तो म्हणजे थॉर्स्टीन व्हेब्लन. १९१९ मधे लिहिलेल्या आणि १९२१ ला पुस्तकात आलेल्या निबंधात तो म्हणतो की सॅबोटाज म्हणजे जाणूनबुजून कार्यक्षमता आखडती घेणं, तर मग भाव पडू नये म्हणून कारखाना अर्ध्या वेगाने चालवणारा मालक दुसरं काय करतो? पुस्तकाचं नाव इंजिनियरांवरूनच आहे. व्हेब्लनला आशा होती की एक दिवस इंजिनियर लोक हा कारभार आपल्या हाती घेतील. आम्ही इंजिनियर लोक अप्रेझलचा फॉर्म वेळेत भरत नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि गंमत बघा. जानेवारी १९४४ मधे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने, म्हणजे सीआयएच्या पूर्वजाने, जर्मनव्याप्त देशांतल्या सामान्य नागरिकांसाठी सॅबोटाजची एक पुस्तिका तयार केली. त्यात हत्यारं बोथट ठेवा, वंगणात कचरा टाका वगैरे आहेच. पण कचेरीतल्या लोकांसाठी दिलेल्या सूचना वाचून मी उडालोच. सगळं काम रीतसर मार्गानेच झालं पाहिजे असा हट्ट धरा. प्रत्येक गोष्ट समितीकडे पाठवा, आणि समितीत पाचापेक्षा कमी माणसं नकोत. मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरून काढा. ठरावाच्या शब्दरचनेवर घोळ घाला. महत्त्वाचं काम समोर असताना मीटिंगा भरवा. फाशीपासून निघालेला शब्द फिरून फिरून पूझेच्या बेताने हाकण्यावर आला. ह्या वेळी फक्त मोडणारे आपल्या बाजूचे होते, म्हणून ते देशभक्त.

आता टाळ्यांकडे येतो. डिसरप्टचं मूळ लॅटिन 'रुम्पेरे', फोडणं, तोडणं. इंटरप्ट, करप्ट, बँकरप्ट ही सगळी चुलत भावंडं. आपला 'रूट' पण त्यातलाच, जंगल फोडून काढलेली वाट. म्हणजे घरातला राउटरसुद्धा नात्यात लागतो. १९९५ मधे हार्वर्डच्या क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी जोसेफ बोअर यांच्याबरोबर एक लेख लिहिला आणि १९९७ मधे पुस्तक. उदाहरण होतं हार्ड डिस्कचं. १४ इंची डिस्क बनवणाऱ्यांना ८ इंचीवाल्यांनी खाल्लं, त्यांना सव्वापाच इंचीवाल्यांनी, त्यांना साडेतीनवाल्यांनी. सीगेटकडे साडेतीन इंचीचे नमुने लवकर तयार होते, पण त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांना ते नको होते, म्हणून बासनात गेले. ख्रिस्टेन्सन यांचा मुद्दा असा की चांगल्या कंपन्या गिऱ्हाइकाचं नीट ऐकूनच बुडतात. लक्षात घ्या, इथे डिसरप्टिव्ह हे विशेषण होतं, आणि ते तंत्रज्ञानाला लावलेलं होतं. शौर्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

पंधरा वर्षांत त्याचं क्रियापद झालं आणि कर्ता झाली कंपनी. २०१० पासून टेकक्रंचची परिषदच 'डिसरप्ट' नावाने भरू लागली. १ फेब्रुवारी २०१२ ला फेसबुकने शेअर बाजारात उतरण्यासाठी कागदपत्रं दाखल केली. त्यातल्या झुकरबर्ग यांच्या पत्रात वेगाने चला आणि मोडतोड करा हे कंपनीचं ब्रीद अभिमानाने सांगितलंय. इंग्रजीत शब्द तोच, 'ब्रेक'. बायरनचं भाषण फेब्रुवारी १८१२, हे पत्र फेब्रुवारी २०१२. मधे बरोब्बर दोनशे वर्षं, आणि फाशीपासून आयपीओपर्यंतचा पल्ला.

मी हे साळसूदपणे बाहेर उभा राहून लिहीत नाहीये. मी ज्या प्रोजेक्टवर आहे त्याच्या प्रेझेंटेशनमधे पहिल्या स्लाईडवर डिसरप्ट आहे आणि आठव्या स्लाईडवर 'एफटीई रिडक्शन' म्हणून एक आकडा. तो आकडा म्हणजे क्लायंटच्या एका मजल्यावर फॉर्म तपासणारी माणसं. ती माणसं उद्या फॉर्म हळूहळू तपासू लागली तर त्याला कुठलं क्रियापद लावलं जाईल हे सांगायला नको. कोड मी लिहितो, आणि तो चांगला चालतो. पण त्या दोन स्लाईडना दोन वेगळी क्रियापदं का, हे विचारलं की मीटिंगमधे लोक घड्याळाकडे बघतात.

खुद्द ख्रिस्टेन्सन ह्या टाळ्यांनी वैतागले होते. २०१५ मधे त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लेख लिहून सांगितलं की लोक हा शब्द वाट्टेल तिथे लावतात, आणि त्यांच्या व्याख्येत उबरसुद्धा बसत नाही. २०२० च्या जानेवारीत ते गेले.

पण डिसरप्शनचा एक फार जुना उपयोग मला सापडला आणि तो थेट मुंबईपर्यंत येतो. स्कॉटलंडच्या इतिहासात 'द डिसरप्शन' म्हटलं की एकच घटना. गावच्या चर्चमधे धर्मोपदेशक कोण नेमणार, जमीनदार की गावकरी, ह्यावर दहा वर्षं भांडण चाललं होतं. १८ मे १८४३ ला एडिंबरामधे चर्चची महासभा भरली असताना थॉमस चामर्स आणि त्यांच्या बाजूची मंडळी उठली, बाहेर पडली आणि रस्त्याने चालत जाऊन दुसऱ्या सभागृहात त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. साडेचारशेहून जास्त धर्मोपदेशकांनी राजीनाम्यावर सह्या केल्या. सही केली की पगार गेला, राहतं घर गेलं, चर्चची इमारत गेली. कित्येक ठिकाणी जमीनदार नवीन चर्चला जागाच देईनात. स्ट्रॉन्शियनला तर १८४६ मधे लोखंडी तरंगतं चर्च बांधून किनाऱ्याजवळ नांगरून ठेवलं. म्हणतात की शंभर माणसं चढली की ते एक इंच खाली बसे, त्यामुळे कुठला उपदेशक लोकप्रिय आहे ते किनाऱ्यावरूनच कळायचं.

भारतातल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनाही कुठल्या बाजूला जायचं ते ठरवायचं होतं. कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ आणि मुंबईचे जॉन विल्सन दोघेही फ्री चर्चकडे गेले. विल्सन यांनी १८३२ मधे गिरगावात आंब्रोळीला शाळा सुरू केली होती. पण मिशनची मालमत्ता मूळ चर्चच्या नावावर, त्यामुळे डिसरप्शनमधे ती मागे ठेवून नव्याने सुरुवात करावी लागली. आज चौपाटीसमोर दिसणारी विल्सन कॉलेजची दगडी इमारत त्याच शाळेच्या पुढच्या वंशातली. ती १८८९ ला उभी राहिली, म्हणजे डिसरप्शननंतर ४६ वर्षांनी. विल्सन १८७५ सालीच गेले होते.